स्कार्फची गाठ

केतनच्या शाळेत स्काऊटचं पथक सुरू झालं आणि बघता बघता अर्धा वर्ग त्यात शिरला. सरांचा नियम असा, की सकाळी उठल्याबरोबर स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि कुणाला तरी मदत केल्याशिवाय ती सोडायची नाही. केतनची गाठ घरातच सुटायची. लकव्याने बाबांचा, म्हणजे साईनाथचा, उजवा हात गेल्यापासून त्यांच्या शर्टाची बटणं रोज तोच लावायचा.

मानपाड्याला कंपनीत अख्खी मशीन चालवलेल्या साईनाथला पोरापुढे असं छाती उघडी टाकून बसणं जिवावर यायचं. म्हणून खोलीत कुणी नसलं की तो डाव्या हाताने सराव करायचा. आज घामाघूम होऊन का होईना, शेवटचं बटणसुद्धा एकदाचं काजात गेलं. आता बायकोला हाक मारून दाखवणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून केतनचा आवाज आला.

"आई, आज परेड आहे ना! बाबांची बटणं लावतो, गाठ सोडतो आणि पळतो."



साईनाथने तोंड भिंतीकडे वळवलं, लावलेली बटणं एकेक करून काढली आणि हाक मारली, "केतन, लवकर ये रे, मला कुठे जमतंय!"