उमेदवाराने गाडी स्वतः आणावी

"उमेदवाराने गाडी स्वतः आणावी." सासऱ्यांनी चष्मा सावरत मोबाइलवरचा नियम मोठ्याने वाचला. "आणि लगेच खाली, उमेदवाराने एकट्याने गाडी चालवत येऊ नये. म्हणजे काय, ढकलत आणावी?"

"शेजारी परवानाधारक बसलेला हवा, बाबा," सून म्हणाली. "तो आपल्याकडे घरचाच आहे की."

"आणि फुकटचा," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागे. इतके दिवस मुलगा नेत होता. आता त्याची बदली झाली होती आणि पुढच्या महिनाअखेर निघायचं होतं. भाड्याच्या गाडीचा प्रयोग एकदा करून झाला. त्या भल्या माणसाने सासूबाईंना हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी, धोबीखान्यासमोर उतरवलं आणि तो गेला. वॉकर धरून त्या तासभर तिथे चादरी वाळताना बघत बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "चादरी स्वच्छ निघतात हो." पण त्या रात्री त्यांनी पुन्हा व्यायामाला जायचं नाही असं ठरवलं.

म्हणून मग परीक्षा. शिकाऊ परवाना मिळाला, गाडीला पुढेमागे लाल 'एल' चिकटला.

शिकवणीची अडचण नव्हती. सासरे निवृत्त ड्रायव्हर. चाळीस वर्षांची नोकरी, एक अपघात नाही. "मोठी गाडी होती," एवढंच ते सांगत. कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. रोज सकाळी सासरे आणि सून गाडीतून पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर जात. टाकीमागून इंजिन आचके देत बंद पडल्याचा आवाज आला की पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून हळहळत.

"अजून क्लच जमेना का गं सूनबाई?" परतताना त्या विचारत. "एवढा अनुभवी माणूस शेजारी, आणि तुझं हे असं!"

"जमेल काकू," सून हसून म्हणे. "बाबांच्या हाताखाली आहे म्हटल्यावर जमणारच."

सासरे मान खाली घालून गाडीवरची धूळ पुसायला लागत. जिना चढताना एकदा हळूच म्हणाले, "पोरी, तुझे उपकार कुठे फेडू?"

"चहा करा," सून म्हणाली.

मतं मात्र त्यांची पक्की होती. ब्रेक लांबूनच लावायचा, मागे केवढं वजन आहे ते विसरायचं नाही. मागच्या सीटवर एक छत्री असे. लाल दिवा दिसला की थांबायचं. का, कशासाठी, हे विचारायचं नाही. आणि ओव्हरटेक हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. "चाळीस वर्षांत मी कुणाला ओव्हरटेक केलं नाही," ते म्हणत, आणि कॉलनीतली तरुण मंडळी ओशाळून आपापल्या मोटरसायकलींकडे बघत.

तारीख मिळवणं हे गाडी चालवण्यापेक्षा अवघड निघालं. शिकाऊ परवान्याला महिना पूर्ण झाल्याशिवाय नाव नोंदवता येत नाही, हा नियम कुणाच्या नजरेत आला नव्हता. पडद्यावर अक्षरं उमटली, 'उमेदवार अपात्र.' घरात कुणी ते मनावर घेतलं नाही, उमेदवार सोडून. 'उमेदवार' हा शब्द एव्हाना घरात चांगलाच रुळला होता.

"उमेदवाराला आज दूध द्या," सासूबाई म्हणत. "चेहरा बघा कसा उतरलाय."

पुढचा नियम सुनेने वाचला. नापास झालं तर पुन्हा नाव नोंदवायला आठवडाभर थांबायचं, आणि रांगेत अगदी शेवटी. निघण्याआधीची एकच तारीख उरली होती. ती हुकली की सासूबाई आणि धोबीखाना.

मुलाने ती तारीख पकडली. 'नोंदणी झाली' अशी अक्षरं दिसली तेव्हा सासूबाईंनी पलंगावरून टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी मोबाइललाच नमस्कार केला.

परीक्षेच्या दिवशी गॅलरीत काकू उभ्याच होत्या. "घाबरू नकोस गं! नाही जमलं तरी काही बिघडत नाही!"

सुनेने हात हलवला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. परीक्षेच्या मैदानावर तिने पांढऱ्या रेषेशी गाडी उभी केली. हातात पॅड घेऊन निरीक्षक आले.

"परवानाधारक कोण?"

सुनेने पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. लग्नाच्याही आधीचं होतं, कडा झिजलेल्या. पण महिनाअखेर नवऱ्याबरोबर तीही बदलीच्या गावी निघणार होती. मग ती उतरली आणि वळसा घालून पलीकडचं दार उघडलं.

"चला बाबा. त्या बाजूला बसा. क्लच हळू सोडायचा, एवढंच लक्षात ठेवा."

गाडीने एक आचका दिला, विचार बदलला आणि निघाली. सून कुंपणाशी ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. गाडी वळली, चढावर थांबली, मागे आली, पुन्हा वळली. लाल दिव्याच्या इतकी अलीकडे उभी राहिली की मध्ये आणखी एक गाडी मावली असती.

निरीक्षक रुमालाने कपाळ पुसत उतरले. "पास. हॉर्न कमी वाजवा. आणि काय हो आजोबा, चाळीस वर्षं गाडी चालवली म्हणताय, मग लायसन्सची आठवण आजच झाली?"

सासऱ्यांनी आधी सुनेकडे पाहिलं. डोळे पुसले. मग म्हणाले, "साहेब, चालवली मी चाळीस वर्षं, पण ती मालगाडी, वळवायचं काम रूळ करायचे."