बाबांची वेलांटी

बाबांना जाऊन वर्ष झालं आणि त्यांचा लॅपटॉपही बंद पडला. दिशाने शहापूरहून कोरी एसएसडी आणली, शेणवे गावातल्या घरी ओटीवर बसून जुनी डिस्क काढली आणि नवीवर सगळी सिस्टिम पहिल्यापासून टाकली.

नाव विचारल्यावर तिने ‘दिशा’ लिहिलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडद्यावर आलं, ‘ये, दीशा.’

पहिली वेलांटी कुठे, दुसरी कुठे, हा घोळ घरात जन्मभर फक्त बाबांनी घातला होता.

“आई, तू कायतरी दाबलंस काय गो?”

“मी कशाला दाबू? चल, भात निवला.”

जुनी डिस्क मांडीवर गार पडली होती. दिशाने हलक्या बोटाने वेलांटी सुधारली.

खाली एकेक अक्षर करत नवी ओळ उमटली, ‘जेवलिस का गो?’