दुर्रीची जोडी

“शो माग रं, रोहिदास,” दशरथ मागून कुजबुजला. ती कुजबुज अख्ख्या पडवीला ऐकू गेली.

रोहिदासकाकांनी हातातली तीन पानं छातीशी धरली. पण त्यांच्या या जुन्या मित्राने, दशरथने, ती आधीच पाहिली होती. दोन दुर्र्या आणि एक सत्ती. या खेळात सारखी तीन पानं सगळ्यांच्या वर, जोडी बरीच खाली, आणि दुर्रीची जोडी सगळ्या जोड्यांच्या तळाला.

समोर सतरंजीवर दशरथची बहीण सुनिता बसली होती. गौरीला माहेरी कर्जतला आलेली, उद्या सकाळी शिळफाट्याला परत जाणार. तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग होता. काकांपुढे मूठभर उरले होते.

खेळ चिंचोक्यांचाच. पण या डावावर दशरथच्या सुनेने, अपेक्षाने, भलतंच काही लावलं होतं.

“काका जिंकले तर आत्या शिळफाट्याला जायच्या नायत. लग्न करायचं आन् काकांच्या घरी राहायचं!”

सगळे हसले होते. दोघं सोडून.

शिमग्यात काकांनी दशरथपाशी हा विषय काढला होता. “मला काय इचारतोस? तिला इचार,” दशरथ म्हणाला होता. सुनिताचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगा कमलेश तर फोनवर म्हणाला होता, “आईचं आई ठरवील, मला आनंदच हाय.” अडलं होतं फक्त विचारण्यापाशी. त्यानंतर सुनिता जेव्हा जेव्हा माहेरी आली, तेव्हा तेव्हा काकांनी तिला एक पुस्तक वाचायला दिलं आणि पावसाविषयी बोलून घरी गेले. सगळा जन्म वाचनालयात गेलेला. हळू बोलायची सवय लागली होती, आणि पुढेपुढे न बोलायचीच.

“चालेल,” सुनिता पैज ऐकून म्हणाली होती. “पण मी जिंकले तर ह्यांनी परत इचारायचं नाय.”

“परत?” अपेक्षा म्हणाली. “एकदा तरी इचारलंय का?”

तेव्हा काकांचे कान लाल झाले होते आणि त्यांनी पत्ते पिसायला घेतले होते. वाटायची पाळी त्यांची होती. एरवी त्यांच्या हातून निम्मी पानं सतरंजीवर सांडत.

“काका, आज एकपण पान पडलं नाय! वाचनालयात पत्त्यांचंपण पुस्तक हाय का?” अपेक्षाने विचारलं होतं.

“आहे एक,” काका म्हणाले होते.

सुनिताने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढून आपली पानं पाहिली होती. मग पुन्हा एकदा पाहून ती उपडी ठेवली होती आणि चिंचोके पुढे सरकवले होते. “चाल.”

आता बोलायचं काकांनी होतं.

सुनिता पॅक करणाऱ्यांतली, पानं टाकून डाव सोडणाऱ्यांतली नव्हती. नर्सची नोकरी केलेली बाई. हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत खेळायची, आणि हरली तरी समोरच्याची पानं बघूनच उठायची.

“शो माग,” दशरथ पुन्हा म्हणाला. “काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. चाल वाढवण्यासारखं हाय काय तुझ्याकडं?”

काकांनी सुनिताकडे पाहिलं. तिच्या मनात काय आहे ते काही केल्या कळेना. शो मागितला तर दोघांची पानं उघडतील आणि पानंच बोलतील. चाल केली तर तिला बोलावं लागेल.

त्यांनी उरलेले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले. त्यातले दोन घरंगळत पायरीखाली गेले.

“चाल,” ते म्हणाले. आवाज मध्येच फाटला.

दशरथने कपाळावर हात मारला. “येडा हायस का रं? ह्याच्यावर चाल?”

“तुझ्या तोंडाला कुलूप कवा लागायचं, दशरथ?” सुनिता म्हणाली. “म्हंजे ह्यांच्याकडं काय नाय, हे कळलं मला.”

“असं काही नाही,” काका म्हणाले. “म्हणजे... असेलही तसं.”

अपेक्षा तोंडावर पदर दाबून हसत होती. आत चुलीवरच्या कढईत वडे होते. कुणीतरी उठायला हवं होतं, पण कुणी उठेना.

सुनिताने आपली पानं पुन्हा जराशी उचलून पाहिली. मग चष्मा काढला.

“घरी पुस्तकं किती हायत हो तुमच्याकडं?”

“बरीच. पलंगाखालीसुद्धा आहेत.”

“झाडून कोण काढतं ती?”

“कुणीच नाही.”

“वाटलंच मला.” तिने पानं उपडीच ढकलली. “पॅक.”

अपेक्षाने अशी किंकाळी फोडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दशरथ बहिणीकडे बघतच राहिला.

“अगं, दुर्रीची जोडी होती त्याच्याकडं! दुर्रीची!”

“असू दे. माझी पानं तरी कुठं धड होती?”

“बघू तरी.” दशरथने हात पुढे केला. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

“पॅक केलेली पानं उघडायची नायत. बाबांचा नियम हाय. चल, गौरीपुढं साखर ठेव आधी. आन् ते वडे करपतायत, अपेक्षा!”

सगळे आत धावले. जाताना सुनिता उंबऱ्यात थांबली. “तुमी पण या,” ती म्हणाली. “आता काय बाहेरचे नाय तुमी.”

“आलोच,” काका म्हणाले. “एवढे पत्ते गोळा करतो.”

पडवी रिकामी झाल्यावर त्यांनी तिची तीन पानं हळूच उलटी केली. इस्पिकचा, बदामचा आणि चौकटचा एक्का. पिसताना गड्डीच्या तळाशी राखून त्यांनी तिला वाटलेले, तेच तिन्ही.