चिकपेटचं कनेक्शन

रंजिता बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीचा सर्व्हर सांभाळायची. त्यांची घाऊक कापडाची साइट आठवडाभर रोज दुपारी कोलमडत होती. कारण काम संपलं तरी ग्राहकांची शेकडो चॅट नुसती उघडी राहायची. रंजिता ती कनेक्शनं तोडायची आणि मिनिटाभरात ती पुन्हा जोडली जायची. सगळ्यांत चिवट होतं चिकपेटच्या कापडबाजारातल्या एका दुकानाचं. एका सकाळी ते अकरा वेळा तोडल्यावर तिने सरळ त्या दुकानात फोनच लावला. दुकानदार अप्पासाहेब मराठीच निघाले.

"अण्णा, तुमची ऑर्डर तर झाली. मग चॅट बंद का करत नाही?"

"कसं करू? ती पोरगी विचारते, 'मी इथेच आहे, अजून काही हवंय का?' लाइन सारखी कट होते बिचारीची. मग मीच परत जोडून देतो."

"अहो, ती पोरगी नाही, मशीन आहे."

"असू दे की. म्हणून बोलणं अर्धवट टाकून उठायचं?"

रंजिता हसली आणि कामाला लागली. आता कनेक्शन तोडण्याआधी मशीन ज्याच्या-त्याच्या भाषेत एक ओळ लिहू लागली, "बरं, येते मी."

त्या दुपारी साइट कोलमडली नाही. लोकांनी आपणहून भराभर चॅट बंद केली. चिकपेटचं तेवढं उघडंच होतं. रंजिता बघत असतानाच तिकडून उत्तर आलं.

"सरी, बरं. पण थांब गं, स्वल्प कॉफी घेऊन जा."