भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर

टेस्टिंगचा बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू मंदावला. विमलेनं हातातला टॉर्च विझवला.

"जमला!" अप्पांनी टेबलावर थाप मारली. "बल्ब मंद झालो म्हणजे आत सगळा बराबर. तसोच जळत रवलो असतो तर समजाचा, खंयतरी शॉर्ट आसा."

"दर खेपेक ह्याच सांगतास तुमी."

"दर खेपेक ह्या खराच असता. मगे जळता तेका मी काय करू?"

अप्पांचा जन्म मालवणात रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता. देवबागच्या भजनी मंडळासाठी हा ॲम्प्लिफायर ते घरीच बांधत होते. पुण्याला मुलानं, मिहीरनं, आईबापासाठी खोली तयार ठेवली होती. इथलं घर एका होमस्टेवाल्याला द्यायचं ठरलं होतं. अप्पांनी एवढंच मागून घेतलं होतं, की मंडळाला शब्द दिलाय, तेवढं काम हातावेगळं करतो आणि मग निघू.

मिहीर वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. आईच्या ऑपरेशनच्या वेळी नोकरी सोडायची पाळी आली तरी तिच्या उशापासून हलला नव्हता. अशा मुलाला 'नको' कुठल्या तोंडानं म्हणायचं? फोन आला की विमला म्हणायची, "मी तयारच आसंय रे झिला. तुझ्या बापाशीचा आवरला की झाला."

तिची भांडी पोत्यात होती, साड्या बॅगेत. भात करायचा तर पोत्यातून टोप काढायचा, घासून पुन्हा पोत्यात घालायचा. घराच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये ती, दोरीनं बांधलेल्या सामानासारखी.

ॲम्प्लिफायर मात्र पुरा होत नव्हता. अप्पा जोडणी करत तेव्हा टॉर्च विमलाच धरायची. ट्रान्झिस्टर खालच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ नये, म्हणून मध्ये अभ्रकाचे पातळ तुकडे अप्पा चिमट्यानं बसवत. बल्बावर सगळं ठीक निघे. मंडळी जमली, पिन भिंतीत घातली, की फट्! जळका वास घरभर. अप्पा झाकण उघडून बराच वेळ आत बघत. दुसऱ्या कुणाला बघू देत नसत. "ट्रान्झिस्टर गेलो," एवढंच म्हणून झाकण लावत आणि नवीन आणायला एसटीनं कणकवली गाठत.

"काकी, काका मुद्दाम जाळतत," शेजारची संचिता एकदा बोललीच. "तेंका जावचाच नाय. तुमकाव हयच कुजवतले."

"तोंड आवर गो. माझो घोव तसलो न्हय."

"मगे दर खेपेक कसो काय जळता?"

विमला खाली मान घालून कुळीथ निवडत राहिली.

आज मिहीर स्वतः गाडी घेऊन निघाला होता. वाटेतून त्याचा फोन आला.

"आई, मी पोचतोच. आज माझ्यासमोर वाजवा, मंडळाच्या हातात द्या आणि तसेच निघू. अप्पांनी आज जाळला नाही म्हणजे मिळवली."

"होय रे बाबा," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही तिची मूठ मिटलेलीच राहिली.

अप्पांनी झाकण बसवलं, खांद्यावर पंचा टाकला. "मंडळीक बोलावन येतंय. तू वायच बस."

ती बसली नाही. ते पायऱ्या उतरल्याबरोबर तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला, झाकण उघडलं, डावीकडचा ट्रान्झिस्टर सैल केला आणि त्याच्याखालचा अभ्रकाचा तुकडा नखानं ओढून काढला. दर खेपेस काढायची, तसाच.

मान वर केली तर दारात अप्पा उभे.

बाहेर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"उजवीकडचो पण काढ," अप्पा हळूच म्हणाले. "दर खेपेक एकच काढतंस, म्हणान तो लवकर दुरुस्त होता."