पहिलं अजिंक्यपद

पांढुर्णा आणि सावरगावचे लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात रोवलेला झेंडा जिंकायला दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात, त्या गोटमारीत वच्छलाबाईंच्या नवऱ्याचा डोळा गेला. त्यांनी मुलाला, सुधाकरला, कधी नदीकडे फिरकू दिलं नाही. तो अमेरिकेला गेला, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

१९८२च्या पोळ्याला तो घरी आला. पाया पडायला वाकला, तर डोक्यावर टाक्यांची लांब खूण.

"हे काय रे बाप्पा?"

"आमच्या शहराचा फुटबॉलचा संघ पहिल्यांदाच फायनल जिंकला, माय. लोकं खुशीनं नाचून राहिले होते, बाटल्या अन् गोटे फेकून राहिले होते. एक मले लागला."

बाई खुणेवरून हात फिरवत राहिल्या.



"आपल्या इथं तं झेंडा जिंकला का गोटे बंद होतेत रे!"