काकांची हाळी

"देवाने दिलेला आवाज शेवटच्या श्वासापर्यंत देवाच्याच कामी लावणार!" काकांनी जाहीर केलं.

"लावा की," काकू म्हणाल्या. "आधी मला खिडक्या लावू द्या."

काका दगडखाणीत मुकादम होते. सुरुंग उडण्याआधी लांब पळण्याची हाळी देणं हे त्यांचं काम. सारी हयात त्यांनी माणसं पळवली आणि एकालाही खरचटू दिलं नाही. निवृत्त झाल्यावर ते चर्चच्या गायनवृंदात शिरले. माणसं तिथूनही पळू लागली.

गायनवृंद जावयाच्या हाती होता. त्याने बरेच रविवार कळ काढली. शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसते ओठ हलवा ना. देवाला मनातलं कळतंच."

"मनातलंच हवं होतं, तर हा गळा कशाला दिला त्याने?"

जावयाने मुद्दा मान्य केला. ओठ मात्र काकांनाच हलवावे लागले. पुढे उपासनेत धन्याचे पैसे न वापरता जमिनीत पुरून ठेवल्याबद्दल बोलणी खाणाऱ्या चाकराचा दृष्टांत वाचला गेला, तेव्हा सगळी मंडळी आपल्याकडेच बघतेय असं त्यांना वाटलं. त्यांनी ठरवून टाकलं. पुरायचं नाही. जागा शोधायची.

शोधता शोधता ते चर्चच्या पाळकांबरोबर वृद्धाश्रमात पोचले. पाळक तरुण, आवाज लोण्यासारखा. ते स्तोत्र वाचू लागले तशा सगळ्यांच्या माना डोलू लागल्या. पुढच्या खुर्चीतल्या आजींनी शेजारणीला विचारलं, "काय सांगतोय गं हा?"

"कोण जाणे! वर्षभर येतोय. पोरगा गुणी दिसतो."

काका उठले. इथूनही हाकललं, तर पुढे जागा उरली नव्हती. त्यांनी पाळकांच्या हातून बायबल घेतलं, छाती भरून घेतली आणि मेंढपाळाचं स्तोत्र थेट खाणीतल्या आवाजात सुरू केलं. तावदानं थरथरली. एक आजोबा झोपेतून दचकले आणि घाईघाईने 'आमेन' म्हणाले. दुसऱ्या ओळीला माना डोलायच्या थांबल्या. तिसऱ्या ओळीला सगळी खोली बरोबर म्हणू लागली.

स्तोत्र संपलं. आजींनी डोळे पुसले आणि काकांची बाही धरली. आभार स्वीकारायला काका नम्रपणे वाकले.

"बाळा, आम्हाला ऐकू येत नाही ते सोड. पण आमचंही इथे कुणी ऐकत नाही रे. जरा स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतोस? चहात साखर घाला म्हणावं."